आता त्याचा काय उपयोग

तपासणीचा कागद डॉक्टरांनी माझ्या हातात दिला नाही. माझ्या भावाच्या हातात दिला. त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत मी बसले होते, त्यामुळे कागद अगदी माझ्या नाकासमोरून गेला.

डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस्टर बाहेर थांबलेत का?"

"लग्न नाही केलं तिनं," भाऊ म्हणाला.

"वय?"

"छप्पन्न." हेही त्यानंच सांगितलं.

डॉक्टरांचा चेहरा एकदम सैल झाला. अवघड गणित सोपं निघाल्यावर होतो तसा. म्हणाले, "मग प्रश्नच नाही सर. पूर्ण काढून टाकू. क्लीन काम. गाठ लहान आहे, तेवढी काढूनही भागतं, पण मग रेडिएशन द्यावं लागतं. रोज यायचं, आठवडेच्या आठवडे. तरुण बायकांसाठी आपण ते करतो, म्हणजे ज्यांना फॅमिली लाइफ आहे त्यांच्यासाठी. इथं काही गरज नाही." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "अम्मा, घाबरायचं नाही. एकदा काढलं की टेन्शन संपलं!"

चेन्नईत परक्या बाईला अम्माच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण त्या दिवशी तो शब्द अंगाला चिकटला.

मला राग आला असं लिहिलं तर ते बरं दिसेल. राग नव्हता तो. कॉफीच्या शेवटच्या घोटात माशी यावी तसं झालं. तोंडात पाणी सुटलं, कडवट, आणि ते गिळायचं कसं या विचारात मी बसून राहिले. भाऊ मान डोलावत होता. त्याला हायसं वाटलं होतं हे त्याच्या मांडीवरच्या हातांवरून कळत होतं. इतका वेळ आवळलेल्या मुठी उघडल्या होत्या.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्टेनोग्राफर आहे. तेहतीस वर्षं लोकांची बोलणी उतरवून घेतली आहेत, त्यातली आठ पुण्यात. हातात वही असली की बोट आपोआप चालतं. त्या दिवशीही मी पर्समधून वही काढली होती आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवलं होतं. घरी येऊन ते वाचलं. तीन पानं झाली होती. त्यात माझ्याशी बोललेलं वाक्य एवढं एकच, घाबरायचं नाही आणि टेन्शन संपलं. बाकी सगळं सरांना सांगितलेलं.

*

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी जुनी, तिच्यात तमिळ इतकी मिसळलेली की पुण्याला पहिल्यांदा गेले तेव्हा ऑफिसातल्या बायका हसल्या होत्या. आता लिहिताना मी पुण्यात शिकलेली मराठी लिहिते आहे, आणि घरच्यांचं बोलणंही त्याच मराठीत घालते आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीत सारखी. आमच्या घरात स्तन या अवयवाला शब्द नाही. आईनं मला न्हाऊ घातलं तेव्हा ती "तिथं नीट घास" म्हणायची. मला गाठ लागली ती अंघोळीच्या वेळीच, साबणाच्या हाताला, डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली. मी वर जाऊन वहिनीला सांगितलं, तेव्हा मीही "इथं" एवढंच म्हणाले आणि बोट दाखवलं.

वेस्ट मांबलममधल्या एका इमारतीत खाली मी राहते, आईच्या फ्लॅटमध्ये, आणि वर भाऊ-वहिनी. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, नोकरीतून निवृत्त झालेला. त्यांचा मुलगा सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कागद हाती आला त्या आठवड्यातल्या रविवारी हे सगळे माझ्या घरी जमले. तंजावरहून आत्याही आली. ती ऐंशीच्या पुढची, पण कान डोळे शाबूत.

माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच स्टीलच्या पेल्यांतून कॉफी पीत त्यांनी बोलायला सुरुवात केली. भाच्यानं लॅपटॉप उघडला. त्यानं तक्ता केला होता. एका बाजूला 'पर्याय एक' आणि दुसऱ्या बाजूला 'पर्याय दोन'. खाली ओळी होत्या: दवाखान्यात किती दिवस, रोज नेणार कोण, पुन्हा होण्याची भीती, हाताला सूज. मुलगा गुणी आहे, रजेच्या दिवशी बसून केलं होतं त्यानं. मी चष्मा लावून वाचत गेले. शेवटची ओळ 'दिसणं' अशी होती, आणि तिच्यासमोर दोन्ही रकान्यांत 'लागू नाही' असं लिहिलं होतं.

"हे लागू नाही म्हणजे?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "आत्या, म्हणजे... तसं नाही. मेडिकली नाही म्हणून..."

"अगं, त्याला काय विचारतेस," वहिनी म्हणाली. "डॉक्टर बोललेच ना. पाजायचं का राहिलंय आता कुणाला?"

भाऊ पेल्याकडे बघत म्हणाला, "खरंच, आता त्याचा काय उपयोग? उगाच रोज रोज रेडिएशनचे हाल करून घ्यायचे."

मग म्हातारी आत्या उठली. "बघू कुठं आहे," म्हणत माझ्याजवळ आली आणि मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या पदराखाली हात घातला. सगळ्यांसमोर. भाऊ वर पंख्याकडे बघायला लागला. भाचा लॅपटॉपमध्ये घुसला. तिची थंड, सुरकुतलेली बोटं ब्लाऊजवरून चाचपत गेली आणि गाठीवर येऊन थांबली. तिनं दाबून पाहिली. "एवढीशीच?" म्हणाली. "काढा, काढा. हिला काय, ना नवरा ना पोर." असं म्हणून तिनं हात बाहेर घेतला आणि बोटं स्वतःच्या लुगड्याला पुसली.

तिनं बोटं पुसली, हे मला विसरता आलेलं नाही. तिचंही चुकलं असेल नसेल, म्हातारी बाई, तिला वाटलं असेल रोग लागतो. पण मी उठून न्हाणीत गेले आणि खरोखर ओकले. कॉफी, इडली, सगळं बाहेर पडलं. बाहेरून वहिनीचा आवाज आला, "बघा, आत्तापासूनच असं. रेडिएशन कुठलं झेपतंय तिला!"

*

इथं वाचणाऱ्याला वाटेल की पुण्याच्या त्या आठ वर्षांत कुणीतरी होतं. नव्हतं. असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती, घरच्यांना ठाऊक नसलेलं गुपित वगैरे. मला त्या अंगाला कुणी कधी हात लावलेला नव्हता. पहिला परका हात सोनोग्राफीवालीचा, तपासायला सुईनं तुकडा घेतला तोही तिनंच, आणि दुसरा आत्याचा.

मला त्या अंगाचा अभिमान होता, असंही नाही. शाळेत असताना ते वाढायला लागलं तेव्हा मी खांदे पुढे घेऊन चालायची, अजूनही थोडी तशीच चालते. बसमध्ये पुस्तकं छातीशी धरायची सवय वहीपर्यंत आली. चाळीस वर्षं लपवण्यात गेली. मग ते गेलं तर मला काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर मिळेना. मिळेना म्हणून अस्वस्थ वाटायचं, आणि अस्वस्थ वाटायचं म्हणून स्वतःचीही शिसारी यायची. छप्पन्नाव्या वर्षी, केस पिकलेली बाई, जिवावर बेतलेलं असताना हे काय घेऊन बसली आहे!

ऑपरेशनची तारीख भावानं ठरवूनही टाकली होती. मी रजेचा अर्ज टाइप करत होते तेव्हा आमच्या सेक्शनमधली एक बाई माझ्या टेबलाशी आली. अडतीस वर्षांची, नवरा आणि दोन मुली असलेली. दोन वर्षांपूर्वी तिला हाच आजार झाला होता हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही. अर्जावरचं कारण तिनं वाचलं होतं.

"अक्का, डॉक्टर कोण?" तिनं हळू विचारलं.

मी सांगितलं. तेच डॉक्टर तिचेही होते.

"मग दोन्ही मार्ग समजावले असतील तुम्हाला. चित्रं काढून दाखवतात. आम्हाला तासभर घेऊन बसले होते."

"मला पाच मिनिटंही नाही," मी म्हटलं. "मला तर पूर्ण काढायचं असंच सांगितलं."

तिनं अर्ज बाजूला सरकवला. मग माझा हात धरून मला बायकांच्या खोलीत घेऊन गेली. डब्यांचा आणि फिनेलचा वास येणारी खोली ती, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या. तिनं दाराला कडी लावली आणि साडीची पिन काढली. "बघून ठेवा," म्हणाली. "नंतर कुणी दाखवत नाही."

वण होता. लांब नव्हता. पण मांस आत ओढलं गेलं होतं, रबरी बाहुलीला बोट दाबून ठेवल्यावर पडतो तसा खड्डा, आणि भोवतीची कातडी बाकीच्या अंगाहून काळी, जाडसर. मला बघवेना आणि नजर हटवताही येईना.

"वाईट दिसतं ना?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"दिसतं, अक्का. मलाही दिसतं." ती पुन्हा पिन लावू लागली. "मला सगळं काढून हवं होतं. मला इतकी भीती वाटत होती की म्हटलं, दोन्हीकडचं काढा, मला मुली मोठ्या होताना बघायच्यात. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, ठेवता येत असेल तर ठेवा डॉक्टर, तिचं वय काय. ठेवलं. ह्यांच्यासाठी ठेवलं. आता ह्यांना तिथं हात लावायची किळस येते. तोंडानं म्हणत नाहीत, पण मला कळतं."

तिनं पदर सारखा केला आणि एकदम हसली. हसणं चांगलं नव्हतं ते. "माझं ठेवलं, तुमचं काढतायत. विचारलं दोघींनाही नाही."

जागेवर परत आल्यावर मी रजेचा अर्ज फाडला नाही, तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि तिनं सांगितलेल्या दुसऱ्या दवाखान्यात फोन केला.

*

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. मी मांबलमहून एकटीच ट्रेननं गेले, घरी ऑफिसला जाते असं सांगून. तीन तास थांबावं लागलं. आत गेले तेव्हा त्या उभ्यानं बिस्किट खात होत्या, बोटाला लागलेला चुरा कोटाला पुसून त्यांनी माझे कागद घेतले. त्यांच्याबद्दल काही गोड लिहावं असं त्यांनी केलं नाही. बोलणं तुटक, मधे दोनदा फोन घेतला. पण तपासताना आधी म्हणाल्या, "हात लावते हं," आणि मी "हो" म्हणेपर्यंत थांबल्या.

मग समोर बसून म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

मला कुणी हे विचारेल असं वाटलं नव्हतं. मी वही उघडून पेन्सिल धरून बसले होते, आणि उतरवायला काहीच नव्हतं.

"मला... कुठल्यात जास्त जगेन?" मी विचारलं.

"तुमच्या गाठीला, ह्या आकाराला, दोन्हीत सारखंच. त्यात फरक नाही, म्हणूनच विचारतेय. फरक असता तर मीच सांगितलं असतं." मग त्या बोलत गेल्या आणि मी लिहीत गेले. गाठ आणि भोवतीचं थोडं काढलं तर रेडिएशन घ्यावंच लागेल, त्यातून सुटका नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग सापडला तर पुन्हा टेबलावर जावं लागेल, आणि हे आधी सांगता येत नाही. त्याच स्तनात पुढंमागं परत उठण्याची शक्यता थोडी जास्त. तिथली कातडी पूर्वीसारखी होणार नाही. सगळं काढलं तर बहुतेक रेडिएशन टळेल, पण छातीवर आडवा वण, हाताचे व्यायाम, एका बाजूचं वजन गेल्यामुळे काही दिवस पाठ दुखते. काखेतल्या लिम्फच्या गाठी दोन्हीत तपासायच्याच. गोळ्या दोन्हीत घ्यायच्याच.

"तुम्ही माझ्या जागी असतात तर?" मी विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही," त्या म्हणाल्या. "ह्याचं उत्तर मी देत नाही. आठवड्यानं या आणि सांगा. एवढ्यानं काही बिघडत नाही."

खरं सांगते, मला त्यांचाही तिटकारा आला. परतीच्या ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात त्यांना बोलत होते. एकजण विचारत नाही, दुसरी विचारून मोकळी होते. मला निवडायची सवय नव्हती. नोकरी लागली ती वडिलांनी फॉर्म भरला म्हणून, पुण्याहून परत आले ती आई आजारी पडली म्हणून. आणि आता म्हणे, हे तू निवड!

*

तो आठवडा घाणेरडा गेला. कुणालातरी कुठूनतरी कळत गेलं आणि घरात माणसं यायला लागली. सात्तुकुडी, म्हणजे मोसंबी, इतकी साठली की तळातली सडली आणि स्वयंपाकघरात त्या गोड कुजक्या वासाची चिलटं झाली. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गोमूत्राची बाटली आणली, आणि मी त्यांच्यासमोर एक घोट घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. "अम्मा, चाकू लावूच देऊ नका," असं ते माझ्या छातीकडे बघत म्हणाले. आधी कधी बघितलं नसेल इतकं त्या दिवसांत लोकांनी तिकडे बघितलं. बायका, पुरुष, सगळ्यांनी. दाराशी आल्यावर नजर आधी तिथं जायची, कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घ्यायची, आणि मग तोंडावर यायची.

शुक्रवारी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर, केळ्यांच्या शेजारी, एक खोका ठेवलेला. मागोमाग वहिनी खाली आली. "उघड की," म्हणाली. "टी नगरच्या बाजारात जाऊन आणलंय. चांगल्यातलं आहे."

आत प्लास्टिकच्या पाकिटात सिलिकॉनचा एक गोळा होता. अंगाच्या रंगाचा म्हणायचा, पण माझ्या नाही, कुठल्यातरी गोऱ्या अंगाच्या रंगाचा. मी बोट लावलं. गार होता, आणि बोट काढल्यावरही तो थोडा वेळ हलत राहिला. पाकिटावर एक परदेशी बाई दात दाखवून हसत होती.

"ब्लाऊजच्या आत खिसा शिवून घ्यायचा," वहिनी म्हणाली. "बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही. लोकांसमोर जायचं असतं ना तुला, ऑफिसला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या डोक्यात अजून विचारच चालला होता, आणि ह्यांनी मनातल्या मनात स्तन कधीच कापून टाकला होता. त्याच्या जागी ठेवायची वस्तूसुद्धा आणली होती. ती वस्तू लोकांसाठी हवी होती. जो खरा आहे तो माझ्यासाठी असेल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"वहिनी, हे परत करून या," मी म्हटलं.

"माप चुकलं का?"

"मी काढणार नाहीये."

ती खोका तिथंच ठेवून वळली. मग वर गेली, आणि दोन मिनिटांत भाऊ खाली आला, बनियनवरच.

"हे काय नवीन?" तो म्हणाला.

मी त्याला दुसऱ्या डॉक्टरांचं सगळं सांगितलं, वही उघडून, वाचून. तो ऐकत होता पण त्याची मान आधीपासूनच नकारात हलत होती.

"रोज कोण नेणार तुला?"

"मी ट्रेननं जाईन."

"आणि परत झालं तर?"

"तर तेव्हा काढतील."

"हा हट्ट आहे. ह्या वयात... लोक काय म्हणतील? कशासाठी ठेवलं म्हणतील?"

"कशासाठी म्हणजे काय अण्णा? तुझा पाय आहे, कशासाठी आहे? आता तू कुठं धावतोस? काढूया का?"

"पाय वेगळा."

"काय वेगळा?"

त्याला ते सांगता येईना. सांगायला शब्द लागला असता, आणि तो शब्द आमच्या घरात नव्हता. मी म्हटलं, "स्तन म्हण. एकदा म्हणून दाखव. माझा आहे तो, मला आजार झालाय त्याचा, आणि मी तुझी बहीण आहे. म्हण."

त्यानं तोंड फिरवलं. अंगावर पाल पडावी तसा त्याचा खांदा उडाला. आणि मग भिंतीकडे तोंड करूनच, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आईच्या वेळी आपण उशीर केला. तू मेलीस तर मी काय करू?"

आईला वेगळा आजार होता, आणि उशीर दोघांनी मिळून केला होता. मला त्याची कीव आली. पण किळस गेली नाही. दोन्ही एकाच वेळी होत्या, एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

"मरणं दोन्हीत सारखंच आहे," मी म्हटलं. "तेवढं लिहून आणलंय मी."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि न्हाणीतल्या आरशासमोर ब्लाऊज काढून उभी राहिले. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता. सोनोग्राफीच्या आधी मी कधी तिथं नीट पाहिलंच नव्हतं. ओघळलेला, खाली बारीक घामोळं आलेला, बायोप्सीच्या सुईचा हिरवा पडत चाललेला डाग. सुंदर म्हणावं असं काही नव्हतं. मी स्वतःला विचारलं, हा फक्त त्यांची जिरवायची म्हणून ठेवतेस का? थोडं तसंही होतं, मी नाकारत नाही. पण जीव दोन्हीकडे सारखाच वाचणार असेल, तर ज्यानं माझं काही वाईट केलं नाही ते मी का देऊन टाकू? उपयोग नाही म्हणून? माझाही घरात तसा काय उपयोग होता! ह्याहून मोठं कारण मला सापडलं नाही. सोमवारी मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, "ठेवायचंय."

"ठीक," त्या म्हणाल्या.

*

पुढचं सगळं छान झालं असं सांगता येत नाही. पहिलं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या म्हणून केमो टळली, पण दहा दिवसांनी कळलं की काढलेल्या तुकड्याच्या एका कडेला रोग आहे. पुन्हा भूल, पुन्हा कापणं. वहिनी खाटेशी बसली होती. "तेव्हाच काढलं असतं तर एकदाच झालं असतं," म्हणाली. चुकीचं काही बोलली नाही. मी तोंड उशीत घातलं. ह्या वेळी कड स्वच्छ आली.

मग रेडिएशन. एप्रिल-मे, आणि चेन्नईचा तो दमट उन्हाळा. तळघरातल्या खोलीबाहेर आम्ही दहा-बारा बायका मागून बंद बांधलेले हिरवे झगे घालून बाकावर बसायचो. झगे धुतलेले असायचे पण आधीच्या घामाचा वास जायचा नाही. कुणी कुणाकडे बघायचं नाही. मशीनखाली हात डोक्यावर घेऊन पडलं की दोन तंत्रज्ञ येऊन, काल क्रिकेटमध्ये काय झालं ते बोलत, कातडीवर पेनानं आखलेल्या खुणा जुळेपर्यंत माझा स्तन सरकवून ठेवायचे, भाजीवाला तराजूत भोपळा सारखा करतो तसा. दुखायचं नाही, पण डोळे मिटून मी दात आवळून धरायची.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या घडीतली कातडी लाल झाली, मग ओली झाली आणि सोलून आली. तिला वास यायला लागला. माझ्याच अंगाचा तो वास मला सहन होईना. एका हातानं घडी उचलून मलम लावता येत नव्हतं, दुसऱ्या ऑपरेशनपासून डावा खांदा आखडला होता. एका दुपारी मी पंख्याखाली पदर सोडून रडत बसले होते आणि वहिनी सांबाराचं भांडं घेऊन आत आली. तिला पाहून मी पदर ओढला, तो जखमेला चिकटला आणि मी ओरडले.

तिनं भांडं खाली ठेवलं. "बघू," म्हणाली.

"नको."

"मग कुजत बस."

तिनं हात धुतले, माझ्या पुढ्यात पाट घेऊन बसली आणि पदर पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. वास आला तसं तिचं नाक आक्रसलं, तोंड तिनं बाजूला केलं, एक मोठा श्वास घेऊन धरून ठेवला आणि मलम लावलं. तिला किळस येत होती. ती लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. मला बरं वाटलं ते त्यामुळेच. गोड चेहरा केला असता तर मी तिला हाकलून दिलं असतं.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"हो."

"भाजल्यासारखं दिसतंय." मग मलमाची डबी बंद करता करता म्हणाली, "मी माझं कधी असं उजेडात बघितलेलं नाही. पोराला पाजायची तेव्हासुद्धा पदराखालीच."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती पुन्हा आली, आणि कातडी सुकेपर्यंत रोज आली. श्वास धरून लावायची, मग न्हाणीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. सिलिकॉनचा गोळा तिनं परत केला की कुठं टाकला, ते तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ह्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. रोज एक गोळी घेते, तिनं सांधे धरतात आणि मधेच अंगातून वाफ निघते. दर काही महिन्यांनी तपासायला जाते, आतापर्यंत ठीक आहे. डावा स्तन उजव्याहून लहान झालाय, थोडा वर ओढला गेलाय, त्याच्या खालचा भाग चामड्यासारखा काळा आहे. ब्लाऊज शिवताना शिंपीण दोन्हीकडची मापं वेगळी घेते आणि काही विचारत नाही. भाऊ अजून नातेवाइकांना फोनवर "तिला एक गाठ होती, काढली" असं सांगतो, कुठली ते सांगत नाही. आत्या वारली. तिच्या तेराव्याला गेले होते तेव्हा तिथल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे काहीतरी आहे हे पाहून त्या गोंधळल्या. मी पदर सारखा केला नाही. जेवायला वाढलं तेव्हा पायसम दोनदा मागून घेतलं.

डाव्या कुशीवर झोपलं की अजून दुखतं.